ढिली सलामी

आबासाहेबांची पाठ उभ्या आयुष्यात एकाही आखाड्याच्या मातीला लागली नव्हती. निदान ते तरी तसंच सांगायचे, आणि कर्जत तालुक्यात त्यांना खोटं पाडायला त्यांच्या वयाचं आता फारसं कुणी उरलंही नव्हतं. अशा माणसाला अखेर आडवं कुणी केलं? तर एका नवरदेवानं. पुतणीच्या लग्नात, भर मांडवात, आबांना हुक्की आली की जावयाला खांद्यावर घेऊन बोहल्यापर्यंत न्यायचं. जावई बँकेत साहेब. दिवसभर खुर्चीत बसून बसून त्याचं अंग चांगलं भरलेलं. आबांनी बजरंगबलीचं नाव घेतलं आणि उचलला गडी. नवरदेव वर गेला आणि त्याच क्षणी आबांचं आतडं खाली आलं.

डॉक्टरांनी त्याला हर्निया म्हटलं. रंगुबाई मात्र अजून 'तो नवरदेव' असंच म्हणतात.

नगरच्या बाहेर, भिंगारच्या पलीकडं एका ट्रस्टच्या दवाखान्यात हर्नियाच्या ऑपरेशनांचं मोफत शिबिर लागलं होतं. लांबच लांब वॉर्ड, आणि त्यात एकजात सगळे हर्नियावाले. एरवी हे दुखणं माणूस धोतराआड झाकून ठेवतो, चारचौघांत नाव काढत नाही. इथं मात्र जो तो दुसऱ्याला 'तुमचा डावा का उजवा?' असं, गाव विचारावं तसं विचारत होता. आबांची साखर वाढलेली निघाली. ती उतरेपर्यंत ऑपरेशन नाही, म्हणून त्यांना खिडकीजवळची खाट मिळाली आणि रंगुबाईंना खाटेशेजारची सतरंजी. पलीकडच्या खाटेवर सहादेव टेम्पोवाला. हा आबांच्या शेजारच्याच गावचा. याचा टेम्पो रोज कर्जतहून नगरला भाजी आणायचा आणि परत जाताना बातम्या न्यायचा. आता तो स्वतः खाटेवर पडला होता, पण मोबाईल चालू होता. वॉर्डात कुणी शिंकलं तर गावात पडसं व्हायचं.

आबांना चाकूची भीती नव्हती. भीती वेगळीच होती. कुस्ती सोडून त्यांना जमाना झाला होता, तरी गावातल्या हॉटेलात पहिला कप त्यांच्यापुढं यायचा. यात्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्यात पैलवानांच्या जोड्या लावायचा मान त्यांचा, आणि शेवटच्या कुस्तीत जिंकणाऱ्याचा हात वर करायचा तोही त्यांनीच. 'पैलवान आले' म्हटलं की पोरं पारावरून उठायची. माणसानं मिरवावी अशी दुसरी कमाई त्यांच्यापाशी नव्हती. आणि अलीकडं घरात लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांच्यानं निघेनासं झालं होतं. बरणी गुपचूप रंगुबाईंच्या पुढं सरकवत ते म्हणायचे, "तूच काड. मला आंबट बाधतं." रंगुबाई झाकण काढायच्या, आणि आबा आंबट बाधत असूनही दोन फोडी खायचे.

अशा सगळ्या अवघड परिस्थितीत एके सकाळी डॉक्टर यशोधरा हातात एक यंत्र घेऊन वॉर्डात शिरली.

यशोधरा भूल देण्याचं शिक्षण घेत होती, शेवटच्या वर्षाला. पोरगी भिंगारचीच. बाप लष्कराच्या डेपोत नोकरीला, घरातली ती पहिली डॉक्टर, आणि चालणं असं की एसटी सुटतेय. यंत्र हातात मावणारं, चिमट्यासारखं. मूठ आवळली की किती किलोचा जोर लागला तो आकडा वर दिसायचा.

"आबा, भूल देताना आम्ही अंग सैल पडायचंही औषध देतो," ती म्हणाली. "ऑपरेशन झाल्यावर ते उतरतं, पण हातापायांत थोडी कमजोरी राहते. आता एक नवं औषध आलंय. त्यानं कमजोरी किती राहते आणि किती वेळ, हे मी मोजतेय. भूल द्यायच्या आधी एकदा दाबायचं, उतरल्यावर एकदा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा. तुमची हरकत नसेल तरच."

"म्हंजे आमची ताकद मोजनार म्हना की," आबांनी मिशीवरून हात फिरवला. "मोजा. पन मशीन टिकंल का?"

वॉर्ड हसला. तेवढ्यात सतरंजीवरून रंगुबाई उठल्या. नवी वस्तू दिसली की ती हातात घेतल्याशिवाय त्यांना राहवत नाही. "बगू वो ताई, काय हाय ते," म्हणत त्यांनी यंत्र घेतलं आणि म्हशीच्या सडाला हात घालावा तशी मूठ आवळली. दावणीला सहा म्हशी, दोन्ही वेळची धार त्यांच्याच हातची. मनगटातल्या हिरव्या बांगड्या खळकन एकमेकींवर आपटून कोपराकडं सरकल्या.

"एकतीस किलो!" यशोधरा म्हणाली. "आज्जी, कमाल आहे तुमची!"

वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. आबांनीही वाजवल्या, जरा हळू. मग त्यांनी यंत्र घेतलं, बाह्या सारल्या, दात आवळले आणि होता नव्हता तेवढा जोर मुठीत उतरवला. कपाळावर घाम आला. खाटेचा पत्रा कुरकुरला.

"तेवीस," यशोधरा म्हणाली. "छान." डॉक्टर लोक ज्या आवाजात छान म्हणतात त्या आवाजात. तिनं आकडा टिपला, तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधून फोन आला आणि ती निघून गेली.

नवरा तेवीस, बायको एकतीस, आणि नवरा पैलवान. सहादेवचा अंगठा मोबाईलवर फिरायला लागला होता.

"पैलवान," तो म्हणाला, "असं कसं झालं वो?"

यंत्र बिघडलंय म्हणावं, तर आत्ताच त्यानं रंगुबाईंची ताकद मोजली होती. हात दुखतोय म्हणावं, तर हर्निया हातात नसतो. आबांना आयुष्यात कुणी असं कोपऱ्यात घेतलं नव्हतं. पण जुनं हाड; डाव सुचायला वेळ लागला नाही. ते मोठ्यांदा हसले.

"अरं येड्या, सलामीला कुनी जोर दावतं व्हय?"

"म्हंजे?"

"आखाड्यात उतरल्यावर आदी काय हुतं? हातात हात. समोरचा तितंच तुजी ताकद जोकतो. म्हनून वस्ताद सांगायचे, सलामीला हात ढिला द्यायचा. मेल्यावानी. त्याला वाटलं पायजे, हे काय, ह्याला तर फुंकरीनं पाडीन. आन मग कुस्ती लागली का दावायचा जोर." आबा खाटेवर सरसावून बसले. आता त्यांना स्वतःलाच ते पटायला लागलं होतं. "आता आपली कुस्ती कुनासंगं हाय? ह्या भुलीसंगं. ही पोरगी आपली ताकद मोजून जानार, आन आत जाऊन भूल त्या मापानं भरनार. जेवढा जोर दावशीला, तेवढी भूल जास्त. मी दिला ढिला हात. भूल येनार गाफील. मग बगतो तिच्याकडं."

मग एकेकाच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला. कोपऱ्यातल्या खाटेवर कुणीतरी "आरं तिच्यायला" म्हणालं. सहादेवनं मोबाईल खाली ठेवला आणि आबांचे पाय धरले. फक्त रंगुबाई सतरंजीवर बसून नवऱ्याकडं बघत राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत. बोलायला हव्या होत्या. पुढचं सगळं रामायण टळलं असतं.

त्या दिवसापासून त्या वॉर्डाची तालीम झाली आणि आबा तिचे वस्ताद. शिबिरात नवा माणूस भरती झाला, की आधी त्याला खिडकीजवळच्या खाटेपाशी आणायचे. आबा त्याला ढिली सलामी शिकवायचे. "डॉक्टरताई म्हननार, पूर्ण जोरानं दाबा. तवा त्वांड लढलं पायजे आन हात झोपला पायजे." मग त्या माणसाकडून तालीम करून घ्यायचे. माणसं इतकी तरबेज झाली की डोळे वटारतील, हुंकार भरतील, मानेला हिसके देतील, आणि यंत्रावरचा आकडा जेमतेम दहाच्या पुढं सरकेल. जयमाला सिस्टर एकदा घाबरून पाणी घेऊन धावल्या होत्या.

ऑपरेशन झाल्यावर उलटं. आता कुस्ती लागलेली. भूल उतरून माणूस जरा भानावर आला, की बाजूच्या खाटांवरून आरोळ्या उठायच्या, "हाण! घे! दाव तिला!" बायका पदर खोचून उभ्या राहायच्या. तो बिचारा पोटाला टाके असताना, ते तुटणार नाहीत अशा बेतानं पण जीव खाऊन मूठ आवळायचा. सहादेवनं आधी अकरा दाबले होते. भूल उतरल्यावर अडतीस. वॉर्डात असा गलका झाला, की खालच्या मजल्यावर बाळंतिणी दचकल्या.

यशोधरा चक्रावली. कमजोरी मोजायला आलेली पोरगी, आणि कमजोरी कुठं सापडेना. उलट भूल दिली की माणसाची ताकद दुप्पट-तिप्पट होत होती. तिनं यंत्र तपासलं. स्वयंपाकघरातून बटाट्याची पोती आणून लटकवली, यंत्र बरोबर. जयमाला सिस्टरांना दाबायला लावलं, बरोबर. स्वतः दाबलं, बरोबर. पुस्तकं चाळली. जगातल्या कुठल्याही पुस्तकात असं काही घडलं नव्हतं.

तिच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांनी मात्र आकडे बघितले आणि ते खुर्चीतून उठलेच. "यशोधरा, अगं, कुणालाच सापडलं नाही ते आपल्याला सापडलंय! हे औषध स्नायू सैल करतं आणि मग त्यांना दामदुप्पट जोर देतं! कळतंय का तुला?" मघापर्यंत 'तुझा प्रबंध' होता; तो त्या क्षणापासून 'आपला' झाला. हैदराबादच्या परिषदेचं त्यांचं तिकीट निघालं. नवा सूट शिवायला पडला. तिकडं यशोधराच्या वडिलांना कुठून तरी कळलं, आणि त्यांनी पोरीनं शोध लावला म्हणून भिंगारच्या बाजारात पेढे वाटले.

आणि मग आबांची साखर उतरली.

थिएटरात नेताना वॉर्डानं त्यांच्या नावाचा जयजयकार केला. आत गेल्यावर यशोधरानंच त्यांना भूल दिली. "आबा, मोठा श्वास घ्या," ती म्हणाली. आबांनी ठरवलं होतं की निदान शंभर आकडे मोजेपर्यंत टिकायचं. ते एक म्हणाले, दोन म्हणाले, आणि मग त्यांना एकदम आपल्या जुन्या तालमीतली तांबडी माती दिसली आणि तिचा वास आला. पुढचं त्यांना काही आठवत नाही.

भूल उतरल्यावर त्यांच्या हातात यंत्र आलं. सहादेव मोबाईलवर चित्रण करत होता. आबांनी दाबलं. पुन्हा होता नव्हता तेवढा जोर लावून दाबलं.

"अठरा," यशोधरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीस.

साऱ्या वॉर्डात भुलीनं एकालाच चीत केलं होतं, आणि तेही वस्तादाला. माणसं आबांच्या खाटेजवळून जाताना मर्तिकाच्या घरावरून जावं तशी पावलं न वाजवता जायला लागली. "साखरंमुळं झालं," आबा म्हणाले. "व्हय व्हय, साखरंमुळंच," सगळे म्हणाले, आणि त्यांचा तो समजूतदारपणा आबांना टाक्यांपेक्षा जास्त टोचला.

दुपारी मोठे सर फेरीला आले. त्यांनी आबांच्या खाटेपाशी उभं राहून, आबा म्हणजे खाटेचाच एखादा भाग असल्यासारखं, यशोधराला सांगितलं, "हा एक पेशंट काढून टाक. बाकी सगळा निकाल कसा सुंदर येतोय, हा एकटाच वाकडा आहे."

"पण सर," यशोधरा म्हणाली, "पुस्तकाप्रमाणे बघितलं तर हा एकटाच सरळ आहे. बाकीचेच..."

"बाकीचे सगळे चुकले आणि हा एकटा बरोबर? असं कधी असतं का? उद्या वार्ताहर येणार आहेत. वॉर्डातच छोटा कार्यक्रम करू. तयारी ठेव."

मोठे सर गेले. यशोधरा तिथंच रंगुबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसली. रंगुबाईंनी थर्मासमधला चहा तिला झाकणात ओतून दिला. ती चहा प्यायली आणि एकदम तिचे डोळे भरून आले.

"आज्जी, काहीतरी चुकतंय, आणि कुठं ते मला सापडत नाहीये. मी हे असंच मांडलं तर परीक्षेला बाहेरून आलेले डॉक्टर मला पहिल्याच प्रश्नाला उघडं पाडतील. नाही मांडलं तर का नाही, ते सांगता यायला हवं. तिकडं बाबांनी पेढे वाटलेत."

आबा डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन पडले होते. यशोधरा उठून गेली, तरी त्यांनी ते उघडले नाहीत.

"सांगून टाका तिला," रंगुबाई म्हणाल्या.

"काय सांगू? ढिली सलामी शिकवली म्हनून?"

"ते बी. आन दुसरं बी."

आबांनी एक डोळा उघडला. "दुसरं काय?"

"त्या दिशी तुमच्या कपाळावर घाम आल्ता. त्वांड वाकडं करता येतं मानसाला. खोट्या जोराला घाम येतो व्हय?" रंगुबाई थर्मासचं झाकण पुसत म्हणाल्या. "मला बरणीपासनं ठाव हाय."

आबांनी तो डोळाही मिटला. त्यांना मनापासून लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. राग कुणाचा, ते त्यांना ठरवता येईना. ढिल्या सलामीची गोष्ट सांगणं सोपं होतं. लोक हसले असते, आबा लई बेरकी म्हणाले असते. पण लगेच पुढचा प्रश्न आला असता: मग पैलवान, तुमी आदी ढिला हात दिलावता, तर मागून तुमचा आकडा वाढला का न्हाई? त्याला उत्तर एकच होतं, आणि ते दिलं की हॉटेलातला पहिला कप गेला, हगाम्यातला मान गेला, पारावरून उठणारी पोरं गेली. नको म्हणून त्यांनी कूस बदलली. टाके दुखले.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या मध्यभागी टेबल मांडलं, त्यावर हार आणि ते यंत्र. मोठे सर नव्या सुटात आले. वार्ताहर आला. आणि त्याच्या पाठोपाठ दारातून चार दांडगे पैलवान आत शिरले. पुढं होता करण. हा आबांच्याच गावच्या तालमीतला, यंदाच्या हगाम्यातला सगळ्यात तगडा गडी.

"तुमी रं इकडं कुटं?" आबांनी विचारलं.

"सहादेवआण्णांनी व्हिडिओ धाडल्ते," करण आबांच्या पाया पडत म्हणाला. "भूल घेतली का ताकद तिपटीनं वाडती म्हनं. म्हनलं, हगाम्याच्या आदी एकेक घिऊन टाकावी."

यशोधराच्या हातातलं पेन पडलं. "अहो, भूल ऑपरेशनसाठी देतात! तुम्हाला हर्निया तरी आहे का?"

"न्हाई जी," करण नम्रपणे म्हणाला. "पन लागत आसंल तर करून घिऊ."

"मुळीच मिळणार नाही!"

"मग ऱ्हाऊ द्या ताई. एक जन म्हनलाय, बाहेरून आनून टोचतो."

यशोधराचा चेहरा पांढरा पडला. "टोचून घ्याल आणि मराल," ती म्हणाली. "ते औषध नुसता हात सैल करत नाही. श्वास घ्यायचे स्नायूसुद्धा सैल पडतात. आम्ही आत यंत्रानं श्वास देत असतो म्हणून माणूस जगतो. बाहेर कोण देणार श्वास?"

"पन व्हिडिओत तर समद्यांची ताकद..." करण म्हणाला आणि त्यानं वॉर्डाकडं बघितलं. वॉर्डानं आबांकडं बघितलं. मोठे सर घसा खाकरून भाषणाला उभे राहिले.

आबा पोटावर हात धरून खाटेवरून उतरले. सवयीनं त्यांनी मांडीवर शड्डू ठोकला, आणि लगेच कळ आली म्हणून कमरेत वाकले. तसेच वाकून ते टेबलापाशी गेले.

"थांबा," ते म्हणाले. "ह्या वॉर्डात समद्या कुस्त्या नुरा झाल्यात. आदी ठरवून. मीच लावल्यात."

आणि त्यांनी सांगितलं. ढिली सलामी, झोपलेला हात, लढणारं तोंड, सगळं. यशोधरा आधी ऐकत राहिली, मग मटकन खाटेवर बसली. मोठ्या सरांनी सुटाचं वरचं बटण काढलं. सहादेव खाटेखाली काहीतरी शोधू लागला.

"म्हणजे ऑपरेशनच्या आधीचे हे सगळे आकडे खोटे?" यशोधरानं विचारलं.

"समदे."

"पण मग तुमचा, आबा? तुम्हीही ढिला हात दिला होता, तर नंतर तुमचा वाढायला हवा होता. तो उतरला कसा?"

आला तो प्रश्न. आबांनी करणकडं बघितलं. त्या पोराच्या छातीकडं, त्याच्या मानेकडं. हा श्वास कोंडून कुठल्यातरी खोलीत मरून पडलेला त्यांना दिसला, आणि मग बाकीचं फारसं अवघड वाटलं नाही.

"माझा खरा हुता," ते म्हणाले. "आदीचा बी, मागचा बी. आदी बी मी पुरा जोर लावल्ता. तेवीसच हाय माझ्यात, आन हिच्यात एकतीस. भुलीनं अठरा केलं. समद्यांचं असंच उतरलं आसनार. त्यांनी फकस्त आदीचं लपवलं."

आबांच्या मनात आलं, संपलं. आता उरलेलं आयुष्य लोणच्याच्या बरणीसमोर.

करणनं बराच वेळ विचार केला. विचार हा त्याचा रोजचा व्यायाम नव्हता, त्यामुळं त्याला वेळ लागला. "म्हंजे आबा," तो म्हणाला, "तुमच्यापरीस आज्जीची पकड जास्त?"

"आठानं."

करण वळला आणि रंगुबाईंच्या पाया पडला. "मग आज्जी, औंदा हगाम्यात जोडी तुमीच लावा."

पहिल्या हसल्या त्या जयमाला सिस्टर. मग सहादेव खाटेखालून हसला. मग सगळा वॉर्ड पोटं धरून, 'आरं टाकं तुटतील, हसवू नगा' असं ओरडत हसला, आणि आबाही हसले, कळा सोसत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मोठे सर म्हणाले, "मला आधीपासून शंका होतीच." हैदराबादचं तिकीट त्यांनी रद्द केलं. सूट मात्र अंगावरच राहिला.

यशोधरा आबांच्या समोर आली. तिला त्यांच्यावर चिडायचं होतं, आणि तेवढा हक्क तिला होताही. "आबा, तुम्ही माझं सगळं शिबिर वाया घालवलंत," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "आणि अख्ख्या वॉर्डात एकटे तुम्हीच खरं दाबलंत. मोठे सर तुम्हालाच काढून टाकणार होते."

"मग आता?"

"आता पुढच्या शिबिरात पुन्हा पहिल्यापासून."

पुढच्या शिबिराला आबा न बोलावता आले. चहाची किटली घेऊन वॉर्डाच्या दारात बसले आणि येणाऱ्या प्रत्येक हर्नियावाल्याला बजावू लागले, "आदी बी पुरा दाबायचा, मागून बी पुरा. भूल मापानं भरत न्हाईत, ती माझीच थाप हुती. आकडा कमी आला तर लाजू नगा. माझा तेवीस आल्ता, आन मी पैलवान हाय." माणसं दाबू लागली. आकडे पुस्तकाप्रमाणे आधी वर, मग खाली, मग हळूहळू वर यायला लागले, आणि यशोधराच्या चेहऱ्यावरचा रंगही तसाच आला. गावात हॉटेलवाल्यानं पहिला कप आबांपुढं ठेवणं सोडलं नाही. फक्त आता तो दुसरा कप रंगुबाईंसाठी बांधून द्यायचा.

शिबिराच्या शेवटी यशोधरा म्हणाली, "आबा, टाके चांगले भरलेत. सहज बघूया का आता कितीवर आलात?"

आबांनी यंत्र घेतलं. बाह्या सारल्या नाहीत, मिशीला हात लावला नाही. नुसतं दाबलं, कपाळावर घाम येईपर्यंत.

"पंचवीस! दोन किलो वाढलेत."

"आता आज्जी," सहादेव ओरडला. बातमी न्यायला तो टेम्पो घेऊन आलाच होता.

रंगुबाईंनी यंत्र हातात घेतलं. दात आवळले. डोळे वटारले. चांगला मोठा हुंकार भरला. यशोधरानं वाकून आकडा बघितला.

"अगंबाई, बावीस! आबा, जिंकलात तुम्ही!"

सहादेवनं शिट्टी मारली. वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. आबा मात्र बायकोच्या मनगटाकडं बघत होते. हिरव्या बांगड्या जिथल्या तिथं होत्या. एकसुद्धा हलली नव्हती. रंगुबाई खाली मान घालून पदराचं टोक पिळत होत्या.

"ताई, त्यो आकडा लिव्हू नगा," आबा म्हणाले. "ही कुस्ती नुरा हाय."